ज्ञानकोशाचा पन्नासावा बाऊल

लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत तक्रारी नोंदवणाऱ्या त्या गृहस्थाचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात होतं. बाकी सगळे त्याला ज्ञानकोश म्हणायचे, आणि तो बिचारा ते कौतुक समजायचा! विषय कुठलाही निघो, याचा पाय त्यात आधीपासून रोवलेला.

तर झालं असं, की विभागप्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची केबिन रिकामी झाली. केबिनला दार होतं, दार! ज्ञानकोशाचं टेबल अकरा वर्षं बेसिनशेजारी. येणारा-जाणारा हात धुवायचा आणि खुशाल याच्या कागदांवर झटकायचा. लोकांना बढती पगारासाठी हवी असते, याला दारासाठी हवी होती. अगदी जीव टांगणीला लागला होता त्याचा.

निवड करायला मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले. सगळ्यांशी बोलले आणि जाता जाता म्हणाले, "इथे जवळपास पोके कुठे मिळतं का हो? ते हवाई बेटांवरचं. भातावर ताजा कच्चा मासा घालून देतात ते."

"कोपऱ्यावरच मिळतं, साहेब!" ज्ञानकोश ताडकन उठला. "आठवड्यातून तीनदा असतो मी तिथे. मी दिसलो की मालकीणबाई विचारतसुद्धा नाहीत, थेट सुरी हातात घेतात!"

"अरे वा! मग उद्या दुपारी तुमच्याबरोबरच जाऊ. आवडी जुळणारा माणूस मिळाला तर बरंच आहे."

आता खरं सांगायचं तर हा माणूस उकडलेलं अंडं बायकोकडून पुन्हा एकदा उकडून घेणारा! कच्चा मासा त्याने पाहिला होता तो त्या दुकानाच्या काचेतून, तोही रस्त्याच्या पलीकडून.

संध्याकाळी तो दुकानात शिरला. सहा स्टुलं, एक काउंटर, काउंटरवर बर्फ भरलेली काचेची पेटी आणि तिच्यामागे बाह्या सरसावलेल्या मालकीणबाई.

"बाई, उद्या एका साहेबांना घेऊन येतोय. मी तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक आहे असं दाखवाल का?"

"किती नेहमीचं?" बाईंनी भिंतीकडे बोट केलं. तिथे आठ फोटो होते. "पन्नास बाऊल झाले की आम्ही फोटो लावतो. तुमचे किती झाले?"

"अजून... सुरुवात व्हायचीय."

बाई इतक्या हसल्या की हातातला डाव खाली पडला. "लावते तुमचा फोटो. उद्याच्या दिवसापुरता हं! हसा बघू."

फोटोंखाली एक पाटीही होती. तिच्याबद्दल सांगायला बाई विसरल्या की मुद्दामच बोलल्या नाहीत, ते त्यांचं त्यांना माहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब दारातच थबकले. "अहो, तुम्ही तर भिंतीवर!"

"लावतात आपले प्रेमाने," ज्ञानकोश लाजला.

साहेबांनी चष्मा चढवून खालची पाटी मोठ्याने वाचली. "पन्नासवाल्यांनी पाहुण्याचा बाऊल स्वतःच्या हाताने बनवायचा. वा! चला, होऊन जाऊ दे!"

"या ना," बाईंनी ॲप्रन पुढे केला, "नेहमीसारखं!"

ज्ञानकोशाच्या पायाखालची जमीनच सरकली. पण माघार घेईल तो ज्ञानकोश कसला! काउंटरमागे जाऊन त्याने बाऊलमध्ये भाताचा डोंगर रचला. मग माशाचे लालभडक तुकडे हातात घेतले. गार, बुळबुळीत! अंगावर सर्रकन काटा आला. शिजवता येत नाही, निदान धुऊन तरी घ्यावं, असं त्याच्या मनाने घेतलं. लहानपणापासून घरात आलेली प्रत्येक गोष्ट आधी नळाखाली धरायची सवय! गडबडीत नळ सुरू केला तो भांडी धुण्याचा, वाफाळत्या पाण्याचा. बघता बघता लाल तुकडे धुवून विटलेल्या रुमालासारखे पांढुरके झाले.

"अहो, धुताय काय!" बाई किंचाळल्या.

"हे काय नवीन?" साहेब काउंटरवरून वाकले.

खरं बोलायची संधी हीच होती. पण जित्याची खोड! "नवीन नाही साहेब, ही तर मूळची पद्धत. त्या बेटांवरचे म्हातारे कोळी असंच करतात. आधी माशाला एक गरम आंघोळ!"

रांगेतल्या शिक्षिकाबाईंनी हे ऐकलं. "मलाही तसाच द्या, म्हाताऱ्या कोळ्यांचा!"

"मलाही!" मागचा टॅक्सीवाला ओरडला.

"आमचे दोन, आंघोळवाले!"

बाई पहाटे उठून बाजारातून एकेक मासा निवडून आणायच्या. तो मासा असा नळाखाली जाताना बघून त्यांची सगळी मस्करी उतरली. चौथ्या बाऊलला त्यांनी नळ बंद केला, ज्ञानकोशाला दंडाला धरून बाहेर काढलं आणि स्वतः भरलेला एक बाऊल त्याच्यापुढे आदळला. "घ्या. आता माझ्या पद्धतीचा खा!"

साहेब तोवर आपला घास चावतच होते. "म्हाताऱ्या कोळ्यांचे दात चांगले असणार," एवढं म्हणून त्यांनी बाऊल बाजूला सारला. "तुम्ही खा. जाणकार माणूस कसा खातो ते बघू द्या."

ज्ञानकोशाच्या डोळ्यांपुढे ते दार उभं राहिलं. त्याने डोळे मिटले, मनातल्या मनात बायकोचा निरोप घेतला आणि तुकडा तोंडात टाकला.

काहीच झालं नाही. म्हणजे वाईट काहीच झालं नाही! तुकडा लोण्यासारखा विरघळला. खारट-तिखट रस, भाजलेले तीळ, करकरीत कांदा, खाली कोमट भात. दुसरा तुकडा गेला, तिसरा गेला. मग चमचा थांबेचना! समोरच्यांना बराच वेळ त्याचं फक्त टक्कल दिसत होतं. बाऊल खरवडून त्याने मान वर केली तेव्हा डोळ्यांत चक्क पाणी होतं.

"साहेब, काय चव आहे हो ही!" तो आनंदाने ओरडला. "आयुष्यात पहिल्यांदाच खाल्लं!"

साहेबांनी भिंतीकडे बघितलं, मग ज्ञानकोशाकडे. बाईंनी शांतपणे स्टुलावर चढून फोटो काढून घेतला.

केबिन अर्थातच दुसऱ्याला मिळाली. ज्ञानकोश अजून बेसिनशेजारीच बसतो, ओले कागद पुसतो आणि हात धुवायला येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगतो, "मोठ्या साहेबांना पोके कसं खायचं ते शिकवलं कुणी? मीच!"