पाच ठिकाणी तुटलेला फिल्टर

सकाळी साडेनऊला इंजिनिअरने आपला फिल्टर मोजणीयंत्राला जोडला. हव्या तेवढ्याच रेडिओलहरी पुढे सोडायच्या आणि बाकीच्या अडवायच्या, एवढंच त्या फिल्टरचं काम. तो मात्र येईल त्याला खुशाल आत घेत होता. दुपारी चारला गिऱ्हाइकाचा तपासनीस यायचा होता. नमुना नापास झाला तर डिझाइनचं टेबल सोडून दुरुस्ती विभागात, तेही स्वतःच्याच ज्युनिअरच्या हाताखाली बसावं लागेल, असं मोठ्या साहेबांनी हसत हसत सांगितलं होतं. मोठे साहेब हसत सांगायचे ते हमखास खरं व्हायचं.

त्याने भिंग लावलं. बोर्डावर तांब्याच्या सहा अरुंद रेषा, शेजारी शेजारी, मध्ये केसाएवढी फट ठेवून आखलेल्या. त्या पाच फटींचं माप ठरवण्यात त्याचे आठ महिने गेले होते. आता प्रत्येक फटीत सोल्डरचा चकचकीत डाख बसला होता.

तो सोल्डरिंगच्या खोलीत धावला. तिथल्या मावशींनी दिलेला एकही सांधा एकवीस वर्षांत सुटला नव्हता.

"मावशी, हे कुणी केलं?"

"मीच." मावशींनी आवाज खाली आणला. "पाच ठिकाणी तुटलं होतं. तुम्ही काळजी करू नका, मी कुणाला बोलले नाही."

"अहो, ते तुटलेलं नाहीये! त्या रेषा एकमेकींना चिकटवायच्याच नसतात. लहरी शेजारच्या रेषेत आपोआप जातात."

"न चिकटता?"

"न चिकटता!"

मावशींनी त्याच्याकडे काळजीने पाहिलं. "साहेब, वेळेवर जेवता ना?"

एकूण चार नमुने होते. दुसऱ्यालाही मावशींचा हात लागलेला होता, म्हणून त्याने ब्लेडने डाख खरवडून काढला. गुणवत्ता विभागाने ते ओरखडे पाहिले, लाल चिठ्ठी लावली आणि बोर्ड नियमाप्रमाणे सोल्डरिंगच्या दुरुस्तीला पाठवला, म्हणजे मावशींकडेच. त्याच ट्रेमध्ये तिसरा पडला होता. मावशींनी लगे हात त्याचंही भलं केलं.

इंजिनिअरचा तोल गेला. तो नको ते बोलला. मावशींनी ॲप्रन काढून घडी घातली, आणि सगळ्या खोलीने आपापले सोल्डरिंग आयर्न खाली ठेवले. मोठ्या साहेबांनी हसत हसत त्याला लेखी माफी मागायला लावली. "मावशी, आपलं काम निर्दोष आहे," हे वाक्य त्याने तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं, आणि त्यात साडेतीन वाजले.

चौथा बोर्ड त्याने खणात कुलूप लावून ठेवला होता. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. त्याने पिवळ्या चिकटचिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'हे तुटलेलं नाही. कृपया हात लावू नये,' आणि ती बरोब्बर रेषांवर डकवली.

चारला तपासनीस आला. समेट सगळ्यांना दिसावा म्हणून मोठ्या साहेबांनी मावशींनाही बोलावलं होतं. पडद्यावर आलेख उमटला. आकार अगदी हवा तसा होता, पण अख्खाच्या अख्खा डावीकडे सरकलेला.

"हे आमच्या मापात बसत नाही," तपासनीस म्हणाला.

मावशींनी वाकून चिठ्ठी वाचली. "हे माझ्यासाठीच ना? वाचलं मी," असं म्हणून त्यांनी ती सर्रकन ओढून काढली.

आलेख उजवीकडे सरकला आणि अचूक जागेवर जाऊन बसला.

"वा!" तपासनीस खूश झाला. "दोष काय होता?"

"रेषांवर कागद असला की लहरींचं माप बदलतं," इंजिनिअर पुटपुटला.

"कागद कुणी लावला होता?"

"मी."

"अच्छा," म्हणत तपासनिसाने लिहून घेतलं.

नमुना पास झाला, टेबल वाचलं. मात्र अहवालात 'डिझाइनरची चूक सोल्डरिंग विभागाने जागच्या जागी सुधारली' असं आल्यामुळे, यापुढे त्याचं प्रत्येक ड्रॉइंग मावशींच्या सहीनेच पुढे जाईल असा हुकूम निघाला.

पुढच्या आठवड्यात पहिलं ड्रॉइंग सही होऊन परत आलं. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सात ठिकाणी तुटलंय. तसंच राहू दिलंय. कुणाला बोलले नाही.'