इलायचीदाण्याचा तन्मणी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की इरा फार फुशारक्या मारते. आमच्या घरात कलाकार म्हणावी अशी एकच व्यक्ती जन्माला आली आहे, आणि ती मी! शाळेच्या प्रदर्शनात माझ्या मोझेकच्या ट्रेला पहिलं बक्षीस मिळालं. फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांच्या तुकड्यांचा मोर! परीक्षक बाई म्हणाल्या, "इतने सुंदर टुकड़े कहाँ से लाई, बेटा?"

आता आईच्या लग्नातला टी-सेट फुटला होता की फोडला होता, हा वेगळा विषय आहे. आई तो रोज काढते.

तर त्या बक्षिसाच्या भरात मी संक्रांतीच्या आधी जाहीर करून टाकलं, "क्षमावहिनीचे हलव्याचे दागिने मी करणार!"

क्षमावहिनी म्हणजे आमच्या कौशिकदादाची नवीकोरी बायको. माहेर झाशीजवळच्या बरुआसागरचं, पक्कं बुंदेली. लग्न ठरताना तिच्या अम्माजी शेवटपर्यंत कुरकुरत होत्या. "ये मराठी लोग! न जाने क्या खाते हैं, क्या पहनाते हैं!" लग्नानंतर त्यांनी आमच्या झाशीतल्या नगरा मोहल्ल्यातल्या घरात पाऊलही टाकलं नव्हतं. आता लेकीच्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या पहिल्यांदाच येणार होत्या, आणि वहिनीची झोप उडाली होती.

"इरा, अम्मा इस बार नाराज होकर गईं ना, तो फिर कभी नहीं आएँगी," ती मला म्हणाली. डोळे अगदी डबडबलेले!

"वहिनी, मी आहे ना!" मी म्हटलं. याहून धोकादायक वाक्य मी आयुष्यात बोललेलं नाही.

"पुण्याच्या आत्याला सांगू या, ती पार्सल पाठवेल," आई म्हणाली.

"पार्सल? घरात कलाकार असताना?"

पण झाशीत दागिन्यांसाठी हलवा मागितला तर दुकानदार गाजराचा मोजायला लागतो! मग मी आणले इलायचीदाणे. देवळाबाहेर प्रसादाला मिळतात ना, साखरेचे पांढरेशुभ्र गोल दाणे, तेच. ओवायला गेले तर एक तर दाणा फुटायचा, नाही तर माझं बोट. तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. मोझेक! पुठ्ठा कापायचा, पांढरा गोंद फासायचा आणि एकेक दाणा चिकटवत जायचं!

थंडी अशी की गोंद वाळायचं नाव घेईना. हेअर ड्रायर लावला तर मुकुटाला घाम फुटला. त्यातून दादा! जाता-येता चिमूटभर उचलायचा, जणू बाजूबंद नव्हे, चिवडा ठेवलाय! तन्मण्याशी आले तेव्हा दाणे संपले. बाहेर धुकं इतकं की समोरचं घर दिसेना, दुकान कुठलं दिसायला! मग मी माझा मण्यांचा डबा उघडला. पांढरे काचेचे मणी, तोच आकार, तोच रंग. दिले मिसळून!

"कुणाला कळणार आहे?" मी स्वतःलाच म्हटलं. "घालायचेच आहेत, खायचे थोडेच आहेत!"

हे वाक्य लक्षात ठेवा.

संक्रांतीला अम्माजी आल्या. हातात अद्रकाची भलीमोठी पिशवी, चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्या इन्व्हिजिलेटरसारखा. समोर वहिनी पाटावर बसलेली. काळी साडी, अंगावर माझे दागिने!

अम्माजींच्या हातातली पिशवी खाली पडली. आलं सोफ्याखाली गडगडत गेलं.

"हाय राम! नई बहू को काली साड़ी? और बिटिया, तेरे सोने के गहने कहाँ गए?"

"अम्मा, अलमारी में हैं..."

"अलमारी में बंद कर दिए? और ये क्या पहना रखा है?"

आई पुढे धावली. "अहो... अजी अम्माजी, ये चीनी के हैं! हमारे यहाँ पहली संक्रांत को बहू काली साड़ी पहनती है और मीठे दाने के गहने! लाड़ है ये, लाड़!"

अम्माजी वाकल्या. तन्मणी जवळून बघितला, आणि काय सांगू, चेहरा लोण्यासारखा वितळला! "अरे, ये तो इलायचीदाना है! पूजा का है? तो ऐसे बोलो ना, प्रसाद है!"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आमच्याकडे नवरीचे हलव्याचे दागिने बघून कुणी तोंडात टाकत नाही. पण त्यांच्याकडे पूजेतला इलायचीदाणा बघून कुणी तोंडात टाकल्याशिवाय राहत नाही! "नाही" म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर अम्माजींनी तन्मण्यातला सगळ्यात टपोरा दाणा उपटला, कपाळाला लावला, आणि...

टक्!

असा आवाज मी आमच्या घरात टी-सेटच्या वेळेनंतर पहिल्यांदाच ऐकला.

अम्माजींचे डोळे बशीएवढे झाले. पण प्रसाद थुंकायचा कसा? एका दमात गिळला! मग एकदम जोरात खोकला आला. त्यांनी सावरायला वहिनीचा खांदा धरला, बाजूबंद सुटला, पाठोपाठ मुकुट, पाठोपाठ तन्मणी. माझ्या गोंदानं सामूहिक राजीनामा दिला! सतरंजीवर पांढऱ्या गारांचा पाऊस! शेजारच्या सुनीता आंटींनीही भक्तिभावानं एक तुकडा तोंडात टाकला होता. त्या पुठ्ठा चघळत चघळत विचारतात, "इसमें गत्ता क्यों है?"

अम्माजी मात्र गप्प. पदर तोंडावर घट्ट धरून बसल्या त्या बसल्याच. चहा नको, तिळगूळ नको, हूं नाही की चूं नाही. हातानंच नमस्कार केला आणि मिळेल त्या बसनं बरुआसागरला परत!

"झालं!" आई मटकन खाली बसली.

वहिनी रडत नव्हती, तेच जास्त भयंकर होतं. फोन केला तरी अम्माजी बोलायला येईनात. वहिनीचे बाबूजी एवढंच सांगायचे, "मौन में हैं।"

मौन! म्हणजे राग किती असेल!

आता कलाकारानं माफी मागायची ती कलेनंच. सतरंजीवरून गोळा केलेले मणी डब्यात होतेच. मी अम्माजींसाठी एक पदक केलं. हिरव्या-लाल बांगड्यांचे बारीक तुकडे, आणि मधोमध एक मोती. हा मोती जरा वेडावाकडा होता, किंचित पिवळसर झाक असलेला. सतरंजीवरून गोळा केलेल्या मण्यांतच सापडला, पण आधी कधी बघितल्याचं आठवेना. पण अस्सल मोती असेच असतात, असं मी कुठंसं वाचलं होतं. आणि या वेळी मी गोंद बदलला. आई फुटलेली बादली सांधते, तो!

रविवारी वहिनीबरोबर बरुआसागरला गेले. अम्माजी अंगणात बसल्या होत्या, पदर तोंडावर तसाच. मी पाया पडले आणि पदक त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांनी बघितलं. चष्मा लावून बघितलं. उन्हात धरून बघितलं. मग माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरले!

"बिटिया," पदराआडून आवाज आला, "ये मोती तुम्हें कहाँ मिला?"

"जी... हमारी सतरंजी पर."

अम्माजींचा पदर गळून पडला. समोरच्या दातांत बोगद्याएवढी खिंड!

मी किंचाळले. वहिनी किंचाळली. आतून बाबूजी धावत आले, अम्माजींकडे बघून तेही किंचाळले. "सुनती हो! तुम्हारा दाँत नकली था?"

"तीस साल से छिपाया था!" अम्माजी कपाळावर हात मारून म्हणाल्या, आणि खिंडीतून फुस्स करून हसूच फुटलं त्यांना. "अरे, नाराज कौन था? बिना दाँत के बोलती कैसे?"

वहिनी त्यांच्या गळ्यात पडून रडत होती की हसत होती, कळेना. अम्माजींनी तिथंच जाहीर करून टाकलं, "अगली संक्रांत को फिर आऊँगी। पर खाऊँगी कुछ नहीं!"

मग दात काढायला घेतला. नखानं, सुईनं, गरम पाण्यात बुडवून, बाबूजींनी पक्कड लावून. हलेना! माझ्या हातून इतकं पक्कं काम आजवर झालं नव्हतं.

शेवटी अम्माजी पदक गळ्यात घालूनच दातांच्या डॉक्टरकडे गेल्या.