सूर देणाऱ्या भारद्वाजाची बदली

एका जंगलात एक ऑर्केस्ट्रा होता, बालमित्रांनो. गणपतीच्या मांडवात सिनेमाची गाणी वाजवतो, तो नव्हे. हा सिंफनी ऑर्केस्ट्रा. साठ वादक, साठ वाद्यं, प्रत्येकासमोर कागद, आणि सगळ्यांनी मिळून एकच लांबलचक रचना वाजवायची. श्रोत्यांनी मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत. खोकलासुद्धा दाबून धरायचा.

या ऑर्केस्ट्रात एक भारद्वाज होता. सगळे त्याला अण्णा म्हणत. कार्यक्रम सुरू होण्याआधी अण्णा आपल्या काळ्या, लांब वाद्यात फुंकर घालून एकच सूर देत. बाकीचे एकोणसाठ जण आपापलं वाद्य त्या सुराला मिळवून घेत. कुणाची तार किंचित उतरलेली असली की अण्णा त्याच्याकडे नुसतं बघत. तो मुकाट्याने खुंटी पिळे. तीस वर्षं हे असं चाललं होतं आणि अण्णांना आयुष्यात दुसरं काही नको होतं.

जंगलाचा राजा वाघ. एकदा कार्यक्रमात त्याने सरड्याला मान डोलावताना पाहिलं. आता सरडा काय, कुठेही मान डोलावतो. उन्हात डोलावतो, कुंपणावर डोलावतो, समोरून कुणाची मयत चालली असली तरी डोलावतो. पण वाघमहाराजांना वाटलं, काय दर्दी आहे हा! त्यांनी सरड्याला ऑर्केस्ट्राचा व्यवस्थापक केलं. हसू नका रे. मोठमोठ्या नेमणुका अशाच होतात.

सरड्याने पहिल्याच आठवड्यात सात उपव्यवस्थापक नेमले. तेही सरडेच. त्यांना बसायला जागा हवी, म्हणून वादकांची तालमीची खोली काढून घेतली. वादकांनी करवंदीच्या जाळीमागे तालीम करावी असं ठरलं. मग बैठक भरली.

"कार्यक्रमाआधी तो गोंगाट होतो, तो कसला?" सरड्याने विचारलं.

"सूर मिळवतात, साहेब," अण्णा म्हणाले.

"श्रोत्यांसमोर? घरून मिळवून यायला काय होतं? बरं, तुम्ही रोज कोणता सूर देता?"

"तोच."

"तीस वर्षं तोच?" सरड्याने मान डोलावली. पाठोपाठ सातही जणांनी डोलावली. "काही नावीन्य नको का, अण्णासाहेब?"

अण्णांच्या मनात आलं, सुरात नावीन्य आणलं तर त्याला बेसूर म्हणतात, हे सरड्याला सांगायचं तरी कसं?

"शिवाय भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे सगळं जंगल जाणतं," सरडा पुढे म्हणाला. "एवढा शुभशकुन आपण तिसऱ्या रांगेत कोंबून ठेवलाय! उद्यापासून तुम्ही फाटकावर बसा. येणाऱ्यांना दर्शन द्या. फुंकायचं मात्र नाही हं. शकुन डोळ्यांनी बघायचा असतो."

झालं! अण्णा फाटकावर. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला गवाशेठ आले. हा रानगवा ऑर्केस्ट्राचा सगळ्यात मोठा देणगीदार. त्यांनी अण्णांना हात जोडले, पुढे जाऊन पहिल्या रांगेत बैठक मारली आणि लगेच पेंगायला लागले.

सूर न मिळवताच कार्यक्रम सुरू झाला. दयाळ पक्ष्याचं व्हायोलिन एकीकडे, बेडकांच्या तुताऱ्या दुसरीकडे, आणि माकडांचे नगारे कुणाच्याच बापाला जुमानेनात. आपली माणसं कुणी भर रस्त्यात विकायला काढावीत, तसं फाटकावरच्या अण्णांना झालं.

पहिला भाग संपला. अण्णांना राहवेना. त्यांनी वाद्य उचललं आणि फाटकावरूनच सूर दिला.

तीस वर्षांची सवय ती! कुणी खुंटी पिळली, कुणी नळी सरकवली. पुढचा भाग असा लागला की पाणवठ्यावरची हरणं प्यायची थांबली. अण्णा फाटकावर बसून रडत होते. खरं सांगायचं तर, इतके सुखी ते कधीच नव्हते.

कार्यक्रम संपताच गवाशेठ सरड्याकडे गेले.

"हे काय हो? आधी प्रत्येकजण वेगवेगळं वाजवत होता. कसं भरगच्च वाटत होतं! नंतर सगळे एकच वाजवायला लागले. कामचुकारपणा चाललाय नुसता."

सरड्याने मान डोलावली. अण्णांची चौकशी लागली.

अण्णा घाबरले नाहीत. सरड्याला काही कळत नसेल, पण माझ्या वादकांना कळतं ना! ते बोलतील. एकोणसाठ जण बोलले तर कोण काय करणार?

चौकशीत सरड्याने एक कागद पुढे सरकवला. 'फाटकावरील कर्मचाऱ्याने वादनात व्यत्यय आणला, सबब त्यास काढून टाकावे.' खाली सह्या होत्या. मोजून एकोणसाठ. पहिली सही दयाळाची. त्याला अण्णांनीच ऑर्केस्ट्रात आणलं होतं.

"दयाळा, ही सही तुझी?"

"हो, अण्णा." दयाळ खाली बघत म्हणाला. "रागावू नका. पहिल्या भागात मी चार ठिकाणी चुकलो. कुणाला कळलं नाही. मलासुद्धा धड कळलं नाही. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मग तुम्ही सूर दिलात, आणि पाचवी चूक झाली ती सगळ्यांना ऐकू आली."

अण्णांनी वाद्य पुसलं, पिशवीत घातलं आणि ते जंगल सोडून निघून गेले. निरोप द्यायला कुणी आलं नाही. सगळे तालमीत होते.

त्या वर्षी वाघमहाराजांनी ऑर्केस्ट्राला राजमान्यता दिली. आज त्याचं नाव सात जंगलांत आहे. दयाळ मुख्य व्हायोलिनवादक आहे आणि त्याची एकही चूक आजवर कुणाला सापडलेली नाही.

तात्पर्य : सूर देणाऱ्याला वेळीच हाकलून द्यावे. मग कोणीच बेसूर उरत नाही.