'करडी नजर' कंपनीची पहिली ऑर्डर

तुम्हाला म्हणून सांगतो, दुबईच्या रस्त्यांवर आमचे कॅमेरे लागणार होते! आधी आमच्या गावचा चौक, मग मुरूम, उमरगा, सोलापूर आणि तिथून थेट दुबई. मी आणि सोमेश, दोघांची कंपनी. नाव 'करडी नजर'. पुण्यात शिकून आलेल्या सोमेशनं कॅमेऱ्याला अक्कल दिली होती : पांढऱ्या पट्ट्यांवर गाडी थांबली की नंबरासकट फोटो! स्वप्नं बघायचं खातं माझ्याकडं.

"सोमवारी चाचणी हाय न्हवं?" माझे वडील, अप्पा म्हणाले. "ऑर्डर मिळाली तर ठीक. न्हाय तर मंगळवारपासून गुमान किराणा दुकानात बसायचं!"

जन्मभर साखर तोलायची?

सोमवारी चौकातच अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, कॅमेऱ्याची साग्रसंगीत पूजा केली. मी हात जोडून, डोळे मिटून उभा. डोळ्यांपुढं उंच उंच इमारती, आणि प्रत्येक खांबावर आमचा कॅमेरा! त्याच तंद्रीत शिडी चढलो, कॅमेरा बसवला आणि खाली आलो.

नगरपालिकेचे साहेब पडद्यापुढं बसले. टिंग! पहिला फोटो. टिंग, टिंग! पन्नास झाले, मी मनानं सोलापुरात. शंभर झाले, मी विमानात.

"एवढे?" साहेब चकित.

"करडी नजर हाय साहेब!"

मग अप्पांची स्कूटर आली. मग शांताक्काचा भाजीचा गाडा. नंबर नाही म्हणून शांताक्काचाच फोटो! आणि मग साहेबांची जीप.

"माझी गाडी लिंबाखाली उभी आहे," साहेब कडाडले. "तिथं कुठले पट्टे?"

पडद्यावर तर तीन पांढरे पट्टे लख्ख दिसत होते! सोमेश शिडीवर धावला आणि वरूनच ओरडला, "रुद्रेश, काचेवर भस्म लावलंय की रं! तीन बोटं, आडवी!"

मी अव्वाकडं बघितलं.

"मग?" अव्वा म्हणाली. "देवाला लावते, अप्पांना लावते, तुला लावते. त्यो काय परका हाय व्हय?"

संपलं! मला साखरेची पोती दिसायला लागली. सोमेशनं काच पुसली. मग अर्धा तास टिंग न्हाय का टांग न्हाय. साहेबांनी चौकाकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"अहो, या चौकात पट्टेच नाहीत. तुमचा कॅमेरा पकडणार काय?"

सोमेशनं कपाळावर हात मारला. त्यानं कॅमेऱ्याला पुण्याच्या चौकात शिकवलं होतं. आमच्या चौकात आम्ही दोघांनीही खाली बघितलंच नव्हतं.

"ऑर्डर देतो," साहेब उठत म्हणाले. "आधी पट्टे मारा."

अप्पांनी मान डोलावली. ऑर्डर ती ऑर्डर. दुकान टळलं!

कंपनी जोरात वाढतीय, बरं का. गेल्या आठवड्यात आणखी दोन ब्रश घेतले.