गुल्हाने काकांच्या भिंतीवरचे हात

रायपूरच्या तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आमच्या तेलीबांध्याच्या सोसायटीच्या भिंतीवर माझा उजवा हात रंगवलेला आहे आणि तो नेमका कोणता, हे मला ठाऊक नाही.

हे काम गुल्हाने काकांचे. काका रेल्वेत तिकीट खिडकीवर होते. काचेखालच्या अर्धगोलातून आत येणारे हात पाहण्यात त्यांची नोकरी सरली, आणि माणसाला चेहराही असतो हे ते विसरून गेले. मी नमस्कार केला की अनोळखी नजरेने बघतात. काकू होत्या तोवर त्या माझ्यापुढे चहाचा कप सरकवत आणि काकांना माझे नाव सांगत. आता मी मुकाट हात पुढे करतो. "हां, तू होय. तोंड काय, कोणालेही असते. हात दाखवत जा."

काकू गेल्या आणि काकांनी ब्रश उचलला. सगळ्या सोसायटीचे हात भिंतीवर आले. सगळे पुढे केलेले, तिकीट मागत असल्यासारखे. खाली नावे नाहीत. अंगठीवाल्या हातावर सेक्रेटरी आणि दुबेजी, दोघांचा दावा. माझ्या बायकोने नखे कुरतडलेला एक हात माझा म्हणून जाहीर केला. मला तो मान्य नाही. काकांकडे दाद मागितली, तर म्हणाले, "स्वतःचा हात ओळखू येत नाही, अन् खिशात ओळखपत्र घेऊन फिरून राहिला."

मधोमध मात्र थोडी जागा कोरी होती. कमिटीने बजावले, रविवारपर्यंत भरा, नाहीतर तिथे 'येथे गाडी लावू नये' रंगवू.

शनिवारी संध्याकाळी काका त्या जागेवर हात काढत होते आणि पुसत होते. पाचव्यांदा पुसल्यावर मी विचारले, "कोणाचा आहे?"

"तुह्या काकूचा. भिंत तिच्यासाठीच मागून घेतली होती. तुम्ही सारे म्हणजे सराव."

"मग अडले कुठे?"

काकांनी ब्रश डब्यात बुडवला. "अख्ख्या रायपूरचे हात पाठ आहेत मले. ती खिडकीवर कधी आलीच नाही. आमचा रेल्वेचा पास होता ना."

काकांनी सहावा हात काढायला घेतला. तेवढ्यात मला जेवायला बोलवायला आलेली बायको तिथे थबकली, त्या हाताकडे बघत राहिली आणि बोलून गेली,

"काका, रिकामा काहून काढून राहिले? काकूंचा हात रिकामा पाह्यला काय कोणी कधी?"