थोरलीचा डावा पाय

मलकापूरच्या माजी सैनिक कॉलनीत सुभेदार बाळासोंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

“माणूस नुसता फाटकातनं आत येऊ दे,” मिशीवरनं पालथा हात फिरवत ते सांगायचे, “हातातला कप खाली ठेवायच्या आत सांगतो, त्याला कुठं दुखतंय! नाडी नको, रगात नको, एक्सरे नको. ही नजर हाय, नजर! लष्कराच्या दवाखान्यात कमावल्याली!”

यातला शब्द न् शब्द खरा होता बरं का. सुभेदारांनी सगळी नोकरी लष्कराच्या दवाखान्यातच काढली होती. फक्त एक बारकी गोष्ट ते सांगायची विसरायचे. तो दवाखाना जनावरांचा होता. हयातभर त्यांनी खेचरं तपासली होती! आता खेचर काय “साहेब, पोटात कळ मारतीया” म्हणून सांगत नाही. त्याची चाल बघायची, कान बघायचे, डोळा बघायचा आणि दुखणं ओळखायचं. त्या कामात बाळासोंचा हात धरणारा कुणी नव्हता, हे कबूल केलंच पाहिजे. पण कॉलनीतले बाकीचे जवान सगळे पायदळातले. त्यांना एवढंच ठाऊक की सुभेदार ‘दवाखान्यात’ होते, म्हणून त्यांनी आपणहून ‘डॉक्टर सुभेदार’ म्हणायला सुरुवात केली. लोक एवढ्या प्रेमानं म्हणतात, तर माणसानं उगाच त्यांचं मन कशाला मोडावं? खरं काय ते एकट्या शालूबाईला ठाऊक होतं, आणि तिनं नवऱ्याची अब्रू पदराखाली झाकून ठेवली होती.

तर एका संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसली होती. ‘थोरल्या घरची थोरली’ लागली होती. थोरलीचं काम करणारी राजेश्वरी म्हणजे औंधची पोरगी, त्यामुळं अख्ख्या जिल्ह्याला ती आपल्याच घरातली वाटायची. थोरली चहाचा ट्रे घेऊन सोप्यातनं निघाली, आणि सुभेदार ताडकन उठले.

“थांब!”

गुडघा चोळत बसलेली शालूबाई दचकली. “काय झालं? पाल पडली का काय?”

“अगं, चाल बघ तिची! उजवा पाय पडला की मान खाली, डावा टेकला की मान वर! डाव्या पायात कायतरी जबर बिघाड हाय. ही पोरगी दुखणं लपिवतीया!”

“आवं, दमली आसंल. माणूस दमतंय. जरा ती तेलाची बाटली द्या बघू इकडं...”

“गप गं! पुन्यांदा दाखवत्यात का बघू दे!”

शालूबाई गप उठली आणि भिंतीला धरून स्वतःच बाटली आणायला गेली. सुभेदारांनी तोवर मोबाइल उघडला होता. फेसबुकवर ‘सातारा-सांगली टीव्ही कट्टा’ नावाचा ग्रुप होता. तिथं त्यांनी एका बोटानं टकटक करत लिहिलं, ‘लष्करी दवाखान्यातील प्रदीर्घ अनुभवावरून सांगतो. राजेश्वरीताईंच्या डाव्या पायात गंभीर दुखणे आहे. त्या लपवत आहेत. असले दुखणे वर चढत जाते. देव त्यांचे रक्षण करो.’ खाली हात जोडल्याची तीन चित्रं टाकली आणि निवांत झोपले.

सकाळी उठून बघतात तर काय! ग्रुपात गुळाला मुंग्या लागाव्यात तशी माणसं लागली होती. कुणी लिहिलं, हाडाचा कॅन्सर. कुणी म्हणालं, छे, मेंदूची गाठ, माझ्या मेव्हण्याला सेम होतं. एक जण म्हणाला नवरा मारतो. दुसऱ्यानं कळवलं की तिचं लग्नच झालेलं नाही, तर पहिला म्हणाला, म्हणूनच लपवते! दुपारपर्यंत यूट्यूबवर एक बाई डोळे मोठे करून सांगायला लागली, ‘लष्करातील ज्येष्ठ डॉक्टरांचा धक्कादायक दावा!’

सुभेदार मोबाइलकडं नुसतं बघतच राहिले. आपण आपलं मलकापुरात बसून चार ओळी लिहिल्या, आणि दुबईतनं माणूस विचारतोय ताई वाचतील ना? अंगावर काटा आला त्यांच्या! एवढी ताकद तर पलटणीच्या तोफेतसुद्धा नव्हती.

एकच माणूस आडवा लागला. सांगलीचा हळदीचा व्यापारी, धरणेंद्र.

‘सुभेदारसाहेब,’ त्यानं लिहिलं, ‘ती बाई तुमच्याकडं तपासायला आली होती का? नाही. तिनं तुम्हाला विचारलं होतं का? नाही. मग तिच्या पायाची चर्चा चव्हाट्यावर कशाला? माझ्या बायकोनं, गुणमालानं, दशलक्षण पर्वात उपवास केले, जरा वाळली, तर निम्म्या सांगलीनं तिला कावीळ लावली. लोक घरी काविळीचं औषध घेऊन आले हो! बिचारी महिनाभर देवळात जायची बंद झाली.’

‘ती नटी आहे. नटीला सगळं जग बघतं,’ सुभेदारांनी ठोकून दिलं.

‘जग तोंड बघतंय. तब्येत तिची तिच्यापाशी,’ धरणेंद्रचं उत्तर आलं.

यावर ग्रुपात दोन तट पडले आणि अशी जुंपली म्हणता, की ग्रामपंचायतीची निवडणूक बरी! राजेश्वरीनं डॉक्टरचा दाखला टाकला, पाय धडधाकट असल्याचा. तर लोक म्हणाले, दाखला काय, पैसे दिले की मिळतो. मिल्ट्रीचा माणूस खोटं बोलेल का?

इथवर सगळं मोबाइलातच होतं. पण कॉलनीत रंगुबाई नावाची एक म्हातारी होती. तिला फेसबुक कळत नव्हतं, रीत कळत होती.

“आपल्या औंधची लेक आजारी, आनि आपण समाचाराला जायचं न्हाई?” रंगुबाई कमरेवर हात ठेवून चौकात उभी राहिली. “साताऱ्याच्या अलीकडंच शूटिंग चाललंय म्हनं. तासाची वाट न्हाई. लोक तोंडात श्यान घालतील!”

झालं! आजाऱ्याच्या समाचाराला जायचं म्हटल्यावर आमच्याकडं कोण मागं राहतंय? टेम्पो ठरला. केळीचे घड आले, शहाळी आली, भाकरीच्या चवडी बांधल्या, एकीनं औंधच्या यमाईदेवीचा अंगारा आणला.

“आनि डॉक्टर सुभेदार म्होरं बसत्याल!” रंगुबाईनं जाहीर केलं.

सुभेदार दोन पावलं मागं सरकले. “माझं जरा बीपी...”

“बसा की!” शालूबाई म्हणाली. “नजर घेतलीसा का बरोबर? का ठिवली घरात?” आणि दोन बायकांचा आधार घेऊन ती टेम्पोत चढली.

शूटिंगच्या बंगल्यात शिरल्यावर मात्र सगळ्यांचे आ वासले ते वासलेच. थोरल्या घराचा तो सोपा, तो झोपाळा, ते देवघर! बायका चपला काढून देवघराच्या पाया पडल्या. मग रंगुबाई देवघराच्या मागं गेली, आणि तशीच माघारी आली.

“आगं बया! मागं भिंतच न्हाई! नुसत्या फळ्या ठोकल्यात्या! आनि आपण रोज हितं हात जोडतोय व्हय?”

पण तरीसुद्धा जाताना तिनं परत एकदा हात जोडलेच.

राजेश्वरी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. टीव्हीतल्यापेक्षा बारीक, आणि रडून डोळे लाल झालेले. बायकांनी तिच्याभोवती गराडा घातला, पदरानं तिचं तोंड पुसलं, पायाला अंगारा लावला, केळी मांडीवर ठेवली. “खा बाई, खा. आमच्यात एकीचा पाय असाच हुता, चांगली वर्षभर जगली!”

तेवढ्यात डायरेक्टर धावत आला. “तुमच्यातले ते लष्करी डॉक्टर कोण?”

बायकांनी अभिमानानं सुभेदारांना पुढं ढकललं.

डायरेक्टरनं हातच जोडले. “अहो, काय करून ठेवलंत! चॅनेलवाले म्हणतात, आजारी नटीवर वर्षभराची मालिका कशी ओढायची? सोमवारपासनं दुसरी थोरली आणतायत! दाखला दाखवला, कुणी मानत नाही. लोक तुमचंच मानतात. आता तुम्हीच कॅमेऱ्यासमोर सांगा, माझी चूक झाली. आत्ता, लाइव्ह! नाहीतर हिचं काम गेलं.”

“दुसरी थोरली?” शालूबाई मागनं ओरडली. “आमी न्हाई बघायचो दुसरीला!”

सुभेदारांनी समोर बघितलं. कॉलनीच्या सगळ्या बायका आपल्याकडं बघतायत. आता माघार घ्यायची, म्हणजे ‘डॉक्टर सुभेदार’ हितंच संपला! त्यांनी छाती काढली. “न बघता सांगू? माझी नजर आजवर चुकली न्हाई. ताईंनी आधी चालून दाखवावं.”

कॅमेरा सुरू झाला. राजेश्वरी उठली आणि सोप्यातनं चालत गेली. सरळ, ताठ, ठणठणीत! सुभेदार चक्रावले. कुठं गेलं दुखणं?

“आता थोरली बघा,” राजेश्वरी म्हणाली.

तिनं एकदा डोळे मिटून उघडले, आणि काय सांगू तुम्हाला! तीच साडी, तेच तोंड, पण बाई दुसरी! खांदे उतरले, नजर विझली. डावा पाय जपून टेकला, मान अलगद वर गेली. उजवा पडला, मान खाली आली. कुणाला कळू नये असं ते दुखणं अंगातनं चालत होतं. रंगुबाईनं पदर तोंडाला लावला. आणि सुभेदार? सुभेदार सगळं विसरले! कॅमेरा, कॉलनी, फेसबुक. ते एकदम लष्कराच्या बर्फातल्या खेचरांच्या तळावर जाऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात ओरडले, “खिळा! म्होरच्या डाव्या पायात खिळा गेलाय! नाल काढा!”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

“म्होरच्या?” रंगुबाई हळूच म्हणाली. “आवं सुभेदार, माणसाला म्होरचा पाय कुठला?”

राजेश्वरी मात्र जागच्या जागी खिळली होती. थोरली कुठल्या कुठं गेली होती. “काका,” ती म्हणाली, “तुम्हाला कसं कळलं?”

“काय कळलं?”

“औंधला आमच्या आज्याचा टांगा होता. तांबडी घोडी होती. नाल मारताना खिळा तिच्या जिवंत खुरात गेला, म्होरच्या डाव्याच पायात! तशीच चालायची ती, मान हलवत. सांगणार कुणाला? मी लहान होते, तिच्या बाजूनं चालायचे आणि रडायचे. इथं मला सांगितलं, थोरलीला आतनं दुखतंय पण ती कुणाला बोलत नाही. मला तांबडी आठवली. तिची चाल उचलली मी. इतके दिवस कुणालाच ओळखू आली नाही!”

खेचरं सुभेदारांनी किती बघितली, पण दोन पायांवर घोडी उभी करणारं माणूस पहिल्यांदाच बघितलं! त्यांनी खाडकन टाच जुळवून राजेश्वरीला सॅल्यूट ठोकला. आणि त्याच वेळी त्यांच्या ध्यानात आलं, की आता नुसतं ‘ताई बऱ्या आहेत’ म्हणून भागायचं नाही. लोक म्हणतील, दबाव आला. ह्या लेकीचं काम वाचवायचं तर खरं सांगितल्याशिवाय सुटका नाही. त्यांनी शालूबाईकडं बघितलं. शालूबाईनं मान हलवली.

“लोकहो,” सुभेदार कॅमेऱ्याला म्हणाले. “मी डॉक्टर न्हाई. मी लष्करात खेचरांकडं हुतो. माझ्या नजरेनं बरोबर वळखलं, पर ते घोडीचं दुखणं हुतं. ताईंनी घोडीची नक्कल केली, आनि म्या येड्यानं ती ताईंच्या अंगाला चिकटवली. पोरगी ठणठणीत हाय. तिला न इचारता तिच्या तब्येतीवर बोललो, माफी मागतो.”

राजेश्वरी रडत रडत हसायला लागली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. डायरेक्टरनं सुस्कारा सोडला. सोमवारची दुसरी थोरली सोमवार उजाडायच्या आधीच माघारी गेली!

माघारी येताना निम्मी वाट सरली. मग रंगुबाईनं खाकरून घसा साफ केला. “सुभेदार, गेल्या वर्साला तुमी माझ्या पोटाला औषध दिलं, ते कुणाचं हुतं वो?”

अख्खा टेम्पो खदाखदा हसला. सुभेदारांनी आपलं मोबाइलात तोंड घातलं. तिथं धरणेंद्रचा निरोप आला होता. ‘जय जिनेंद्र सुभेदारसाहेब. निदान बरोबर, पेशंट चुकला. आज तुमचा व्हिडिओ बघून गुणमाला लय दिवसांनी पोटभर हसली. एकदा सांगलीला जेवायला या.’

कॉलनीत टेम्पो थांबला. बायका पांगल्या. सुभेदार खाली मान घालून फाटक उघडत होते. शालूबाई रिकामी पाटी घेऊन पुढं गेली. सहज त्यांची नजर वर गेली, आणि फाटकाची कडी त्यांच्या हातातच राहिली.

डावा पाय पडला, मान खाली. उजवा टेकला, मान वर.

“शालू!” ते मागनं धावले. “तुझा उजवा गुडघा... कवापास्नं दुखतोय गं?”

“दिवाळीपास्नं.”

“आनि मला दिसला न्हाई?”

“दिसंल कसा?” शालूबाई मागं न बघता म्हणाली. “मी काय टीव्हीत हाय व्हय!”

सुभेदारांनी तिच्या हातातली पाटी घेतली, तिला पायरीवर बसवलं, आणि आत जाऊन तेलाची बाटली आणली. मग पुढ्यात उकिडवं बसून, आयुष्यात पहिल्यांदाच, पेशंटला विचारलं, “बघू का?”

“बघा. पर लांबनं न्हाई, हात लावून बघा,” शालूबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. “आनि फेसबुकवर टाकलंसा, तर याद राखा!”