भिंत एक, चालू स्थितीत

मी शुद्ध गणितवाला. म्हणजे ज्याचा कुणालाही काडीचा उपयोग नाही, असं गणित करणारा (व्याख्या बायकोची). एका मोठ्या परिषदेत माझं प्रमेय मांडायचं बोलावणं आलं. कित्येक वर्षांची डोकेफोड होती ती. म्हटलं, प्रवासखर्चासाठी निधी मंडळाकडे अर्ज करावा. इथेच साडेसाती लागली.

अर्जात विचारलं होतं, 'वापरातली उपकरणे कोणती?' मी लिहिलं, 'नाहीत'. अर्ज परत. उपकरण नाही म्हणजे संशोधन नाही, म्हणे. माझं डोकंच फिरलं. शेजारच्या विभागाला यंत्रं ठेवायला अख्खा मजला देतात आणि मला सांगतात, कागद जपून वापरा. रागाच्या भरात मी लिहून टाकलं, 'स्वयंपाकघरातली भिंत, एक. चालू स्थितीत.'

यात खोटं काही नव्हतं. विभागातला फळा काढून तिथे टीव्ही टांगल्यापासून माझं प्रमेय त्या भिंतीवरच पेन्सिलीने वाढत होतं, फ्रिजपासून खिडकीपर्यंत.

मंडळाचं उत्तर आलं. साहेब उपकरणाची पाहणी करायला येणार.

"घरी?" बायकोने विचारलं. "स्वयंपाकघरात?"

"येऊ दे. असं सुनावतो की जन्मभर लक्षात ठेवील."

पाहणीच्या दिवशी तेच भाषण घोकत भाजी घेऊन आलो (भाजी मात्र चुकीची आणली), तर भिंत पांढरीशुभ्र. स्टुलावर सासरे, हातात ब्रश.

"साहेब येणार, म्हटलं एक हात मारून घेऊ," ते म्हणाले. "कुणीतरी केवढी गिचमिड करून ठेवली होती."

"कुणीतरी म्हणजे मी."

पुढे मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी भिंतीला बोट लावलं, बोट पांढरं झालं, ते खूश झाले.

"उपकरण छान ठेवलंय. देखभालीचा खर्च मंजूर."

"आणि प्रवासाचा?"

"उपकरण इथे असताना तुम्ही तिकडे जाऊन काय करणार?"

भाषण राहूनच गेलं. साहेब गेल्यावर मी हाताला लागलेलं पातेलं आपटलं.

"भांड्यांवर कशाला राग काढता?" बायको म्हणाली. "बाबांनी ब्रश उचलायच्या आधी मी फोटो काढून ठेवलाय. तुमच्या त्या परिषदवाल्या मित्रालाही पाठवलाय."

माझ्या जिवात जीव आला. आता पदरचे पैसे घालून जाईन, पण जाईनच, असं मी जाहीर केलं. तोच तिचा फोन वाजला. तिने वाचून दाखवलं, "वहिनी, त्याला जरा सांभाळून सांगा. फ्रिजच्या वरची ओळ चुकलीय. पुढचं काहीच टिकत नाही."

मी भिंतीकडे पाहिलं. सगळं प्रमेय झाकलं गेलं होतं. फ्रिजच्या वरची ती ओळ तेवढी रंगाखालून स्पष्ट दिसत होती.

सासऱ्यांनी ब्रश बुडवला. "जावईबापू, तिथे अजून एक हात मारू का?"

मी मुकाट्याने स्टूल धरलं.